जरा जाऊन येते

पत्र : ताई, मी नाशिकरोडची. मे महिन्यापासून थायलंडमध्ये नाखोन पथोम गावातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. पगार २६ हजार बाथ. त्यातले ९ हजार घरी पाठवते, कारण बाबा प्रेसमधून निवृत्त झालेत आणि फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत. सुरुवातीला इथल्या इतर परदेशी शिक्षकांबरोबर चार-पाच वीकएंड फिरले. शुक्रवारी रात्री मिनीव्हॅन, कुठलं तरी बेट, रविवारी मध्यरात्री परत. सोमवारी पहिल्याच तासाला घसा बसलेला. एका महिन्यात ७ हजार बाथ उडाले. दादा फोनवर म्हणाला, "नोकरीला गेलीयस की फिरायला?" तेव्हापासून सगळं बंद केलं. आता शनिवार-रविवार खोलीत पडून मोबाइल बघते आणि आईला खोटंच सांगते, की मैत्रिणींबरोबर जवळपास जाऊन आले. ऑक्टोबरच्या सुट्टीत सगळे लाओसला चाललेत, मलाही बोलावताहेत. फिरावं की पैसे साठवावेत? – स.

प्रिय स.,

लाओसचं आपण शेवटी बघू. आधी मला सांग, फ्रा पथोम चेदीला तू शेवटची कधी गेली होतीस? शाळेत जाता-येता तो केशरी घुमट दिसतो, ते मी धरत नाही. संध्याकाळी चप्पल काढून आत जाऊन, एक पूर्ण फेरी मारून, बाहेरच्या बाजारात काहीतरी खाऊन परत आलीस, असं कधी झालंय? जवळजवळ १२० मीटर उंचीचा स्तूप तुझ्या गावाच्या मधोमध उभा आहे. लोक बँकॉकहून तो बघायला येतात. तू त्याच गावात दोन-दोन दिवस पडदे ओढून झोपून राहतेस, हे वाचून मला वाईट वाटलं.

मी हे हक्काने बोलते, कारण तुझ्या शेजारच्या राच्चबुरीत मी दोन वर्षं शिकवलंय आणि पहिले तीन महिने तुझ्यासारखीच खोलीत काढलेत. शनिवारची दुपार तिथे किती लांब होते, ते मला माहीत आहे. पंखा फिरत असतो, खालून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत असतो, आणि आपल्याकडे दीड तास मागे असतं, त्यामुळे घरी आत्ता वरण-भाताचा कुकर लागला असेल एवढंच डोक्यात येत राहतं.

नाशिकला रविवारी आपण काय करतो, ते आठव. सहाला उठून पांडवलेणी चढायची, खाली आलं की मिसळ, बाराच्या आत घरी. श्रावणात त्र्यंबक. पाऊस जोरात झाला की सोमेश्वरचा धबधबा. थंडीत गंगापूर धरणाची भिंत. यातल्या एकालाही आपण कधी "ट्रिप" म्हटलं नाही. दारातून नुसतं ओरडायचं, "आई, जरा जाऊन येते गं." त्यासाठी बुकिंग लागत नाही, वर्गणी काढावी लागत नाही, दहा जणांचं एकमत व्हावं लागत नाही, आणि दुपारी जेवून झोपायला आपण आपल्या गादीवर असतो.

तुझ्या ट्रिपा बंद झाल्या ते बरंच झालं. पण त्यांच्याबरोबर तू जाऊन येणंही बंद केलंस, आणि ते तुला सोसवत नाहीये. आईला तू जे खोटं सांगतेस ना, "जवळपास जाऊन आले", तेच मी तुला खरं करायला सांगणार आहे.

आधी त्या बेटांबद्दल. समुद्र सुंदर आहे, वाद नाही. पण आठवड्यात वीस-बावीस तास चाळीस-चाळीस मुलांसमोर आवाज चढवून बोलणाऱ्या माणसाने पुन्हा दोन दिवस गाण्यांच्या गोंगाटात ओरडून बोलायचं म्हटल्यावर घसा बसणारच. शिक्षकाचा आवाज हे त्याचं हत्यार आहे, त्याला दोन दिवसांतला निदान एक तरी शांत मिळाला पाहिजे. दुसरं म्हणजे त्या रात्रीच्या मिनीव्हॅन. रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूंत थायलंडचा नंबर जगात फार वरचा आहे. दिवसभर गाडी हाकून थकलेला ड्रायव्हर, रात्रीचा हायवे आणि मागे झोपलेले दहा शिक्षक, या गाडीत तू पुन्हा बसू नयेस असं मला मनापासून वाटतं. बेटावर भाड्याने मिळणाऱ्या स्कूटरचंही तेच. आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना, तोही दुचाकीसाठी चालणारा, जवळ नसेल तर अपघातानंतर विम्याचे पैसे मिळणं अवघड होऊन बसतं. हॉस्पिटलचं बिल मग बाबांपर्यंत जातं.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. तुझं गाव दक्षिणेकडे जाणाऱ्या रेल्वेवर आहे. या एकाच गोष्टीने तुझा तिथला सगळा मुक्काम भरून निघेल. या लाइनवरची नावं मोठ्याने वाच. राच्चबुरी म्हणजे राजपुरी. फेच्चबुरी म्हणजे वज्रपुरी. फाट्यावरून उजवीकडे वळलं की कांचनाबुरी, ती तर सरळ कांचनपुरी. तुझं नाखोन पथोम म्हणजे नगर प्रथम, पहिलं नगर. चेदी म्हणजे आपलं चैत्य. पांडवलेण्यांतल्या चैत्यगृहात आपण ज्या दगडी स्तूपासमोर उभे राहतो, त्याचाच हा फार मोठा झालेला भाऊ. मला हे कळलं तेव्हा स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या परकेपणा बराच उतरला होता. उच्चार त्यांचे, शब्द आपल्या आजीच्या पोथीतले.

कांचनाबुरीला पहिल्यांदा जा. तिकडे दिवसात दोनच गाड्या जातात, सकाळची नऊच्या सुमाराला तुझ्या स्टेशनवर येते. वेळ आदल्या दिवशी स्टेशनवर विचारून घे, कारण ती पुढे-मागे होते. तिसरा वर्ग, उघड्या खिडक्या, छताला पंखे. परदेशी माणसाला १०० बाथच्या आसपास तिकीट पडतं. बायका टोपल्या घेऊन डब्यातून फिरतात, केळीच्या पानातला चिकट भात, भाजलेलं चिकन, बर्फाच्या पिशवीत कॉफी. आपल्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये चहा-वड्याची वर्दळ असते तशीच. दीड तासात उतरशील.

क्वाय नदीवरचा तो प्रसिद्ध रेल्वेपूल सगळेच बघतात, तूही बघ. पण त्याआधी स्टेशनजवळच्या युद्ध-कबरस्तानात जा. १९४२-४३ मध्ये जपान्यांनी थायलंडमधून ब्रह्मदेशात ४१५ किलोमीटरची रेल्वे टाकून घेतली, तीही युद्धकैद्यांकडून. तू ज्या रुळांवरून आलीस ते तेच. बारा हजारांवर युद्धकैदी तिथे मेले. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. त्यातल्या सात हजारांच्या जवळपास कबरी या एका आवारात आहेत. गवत इतकं नीट कापलेलं असतं, की चालताना पाऊल आपोआप हळू पडतं. मी दगडांवरची वयं वाचत गेले. २३, २१, २६. माझं स्वतःचं वय तेव्हा सव्वीस होतं. त्या दगडासमोर मी बराच वेळ उभी होते.

मग एक प्रश्न पडला, तो तुलाही पडेल. कैद्यांपेक्षा कितीतरी जास्त राबले ते आशियाई मजूर. मलायातल्या रबराच्या मळ्यांतून आणलेले तमिळ, ब्रह्मी, जावाचे लोक, मलय, चिनी. त्यांच्यातले नव्वद हजारांच्या घरात मेले असा अंदाज आहे. त्यांचे दगड या आवारात नाहीत. आपल्या देशातून पोट भरायला मलायात गेलेली माणसं, किंवा त्यांची मुलं, तिथून पुढे या जंगलात नेली गेली आणि नाव न उरता संपली. परदेशात नोकरीला गेलेल्या कुणाही भारतीयाने हे एकदा जाणून घ्यावं असं मला वाटतं. संध्याकाळी परतीच्या गाडीत मी कुणाशी बोलले नाही. पण त्या दिवसापासून त्या देशात मी नुसती करारावर आलेली शिक्षिका राहिले नाही, मला तिथलं काहीतरी माहीत झालं होतं.

नंतर मी कांचनाबुरीला सहा वेळा गेले. हेही तुला सांगायचंय. नवं गाव, नवा फोटो या शर्यतीत पडू नकोस. एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा गेलं की चहावाली ओळखते. तिसऱ्यांदा विचारते, "आज एकटीच?" परक्या गावात आपल्याला ओळखणारं एक माणूस असणं केवढं मोठं आहे, ते तुला आत्ता सगळ्यात जास्त कळेल.

फेच्चबुरीला टेकडीवर चौथ्या राम राजाने १८५९ च्या सुमारास बांधलेला महाल आहे. राजाला ताऱ्यांचं वेड, म्हणून वर वेधशाळाही. वाटेत माकडं, अगदी सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर असतात तशी हातातलं ओढणारी, तेव्हा पिशवी बंद ठेव. तिथल्या ताडगुळाच्या मिठाया घेऊन ये.

बँकॉकला मॉलसाठी जाऊ नकोस, एकदा राजवाड्याच्या आवारातल्या वात फ्रा काएव या देवळात जा. परदेशी माणसाला ५०० बाथ तिकीट आहे, महाग आहे, तरीही जा. खांदे-गुडघे झाकलेले लागतात, आपला पंजाबी ड्रेस उत्तम. देवळाभोवतीच्या ओवरीत रामकियेन, म्हणजे त्यांचं रामायण, १७८ चित्रांत भिंतीवर रंगवलंय. तू पंचवटीच्या गावची मुलगी. सीतागुंफेत वाकून शिरताना आपण लहानपणापासून ऐकलं, की सीतामाईला इथूनच पळवून नेलं. ती गोष्ट तीन हजार किलोमीटरवर सोन्याच्या मुलाम्यात रंगवलेली बघताना अंगावर काटा येतो. त्यांचा रावण थोत्सकन, म्हणजे दशकंठ. त्यांचा मारुती मात्र बायकांच्या प्रेमात पडणारा आहे, अंजनेरीच्या मारुतीची सवय असलेल्या आपल्याला तो जरा जड जातो. थायलंडच्या मुलांना ही गोष्ट शाळेत असते. तू त्यांना सांग, की माझं गाव त्या गोष्टीतलं आहे. माझ्या वर्गात हे सांगितलं त्या दिवशी मागच्या बाकावरची, वर्षभर गप्प असलेली एक मुलगी उठून फळ्याजवळ आली आणि तिने हनुमानाचा मुखवटा काढून दाखवला. इतका बारीक, इतका नेमका, की मी खडू तिच्याच हातात ठेवला आणि तास तिला दिला.

वर्गाचं निघालंच आहे तर हे करून बघ. थाई भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. म्हणून "गो"चं "वेंट" त्यांच्या गळी उतरत नाही, कितीही घोकून घेतलं तरी. शुक्रवारी मुलांना विचार, टीचरने उद्या कुठे जावं? ती भांडतील, फळ्यावर नकाशे काढतील, आजोळची गावं सांगतील, तिथे काय खायचं ते सांगतील. सोमवारी तिकीट फळ्यावर चिकटव आणि तीनच वाक्यं सांग. आय वेंट. आय सॉ. आय एट. मग त्यांना त्यांचा शनिवार सांगायला लाव. माझ्या मुलांना भूतकाळ असाच आला. म्हणजे दादाने विचारलं तर त्याला सांग, की शनिवार सोमवारच्या तासातही उपयोगी पडतो. आणि हे खरं आहे, सबब म्हणून सांगू नकोस.

खाण्याचं तू लिहिलं नाहीस, पण शाकाहारी असशील तर दोन शब्द पाठ कर. "मांगसाविरत", म्हणजे आपलं मांस-विरत. आणि "जे". पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत "जे" लिहिलेलं दुकान दिसलं की निर्धास्त जा, तिथे कांदा-लसूणसुद्धा नसतो. बाकी ठिकाणी "माय साय नाम प्ला" म्हण, माशाचा सॉस घालू नका. आणि तुझं गाव पपनसांसाठी प्रसिद्ध आहे, सोललेल्या फोडींचं एक पाकीट गाडीत बरोबर असू दे.

दिवस शनिवारचाच धर. सकाळी निघायचं, अंधार पडायच्या आत खोलीवर. रविवार कपडे, वह्या, झोप आणि घरचा फोन. महिन्यातून दोनदा पुरे. उरलेल्या शनिवारी चेदीभोवती फेरी, तीही मोजायची. आणि कधी कुणाला बरोबर घ्यावंसं वाटलं तर तुमच्या शाळेत फिलिपिन्सच्या शिक्षिका असतील, त्यांना विचार. त्यांच्यातल्या बहुतेक जणी तुझ्यासारख्याच घरी पैसे पाठवतात. त्यांना हिशेब समजावून सांगावा लागत नाही, डबा बरोबर घेऊन निघाल्याचं नवल वाटत नाही.

पैशांचं असं. घरचे ९ हजार पहिल्या तारखेला पाठवून टाक, त्यात हात घालायचा नाही. मग १२०० बाथ एका पाकिटात वेगळे काढ. गाडी, जेवण, तिकीट धरून अशा एका दिवसाला तीन-चारशे लागतात. तू एका महिन्यात उडवलेल्या सात हजारांत असे जवळजवळ सहा महिने निघतात. पाकीट संपलं की त्या महिन्याचं फिरणं संपलं. आणि हा आकडा घरी सांग. बाबांना फोनवर स्वतः सांग, की बाबा, महिन्याला एवढे माझ्या फिरण्याचे. ज्यांनी आयुष्यभर पाळ्या करून घर चालवलं, त्यांना सुट्टीचा दिवस म्हणजे काय ते तुझ्या दादापेक्षा जास्त कळतं. मला वाटतं, ते दादाला गप्प करतील.

आईशी मात्र खोटं बोलणं आजपासून थांबव. तिला गाडीतून व्हिडिओ कॉल कर. तुझ्याकडे सकाळचे साडेनऊ असतील तेव्हा तिच्याकडे आठ वाजलेले असतील, हातात चहा असेल. फोन खिडकीकडे धर आणि बोलू नकोस फार. उसाची शेतं, केळी, मधेच एखादं देऊळ. ती म्हणेल, "अगं, हे तर आपल्या निफाडसारखंच दिसतंय." माझी आई हेच म्हणाली होती.

आता लाओस. या ऑक्टोबरला नको. पैशांमुळे तर नकोच, पण तू सध्या थकलेली आहेस आणि घोळक्यात पुन्हा तेच होईल. मार्चपासून मेपर्यंत मोठी सुट्टी आहे, तेव्हा एकटीने किंवा एखाद्या मैत्रिणीबरोबर सावकाश जा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेव, जी त्या घोळक्यातल्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. तुझी राहण्याची परवानगी नोकरीच्या व्हिसावर आहे. री-एंट्री परमिट न घेता तू थायलंडच्या बाहेर पाऊल टाकलंस, की ती परवानगी तिथेच रद्द होते. एका वेळेचं परमिट १००० बाथ, कितीही वेळा ये-जा करायचं ३८०० बाथ. लाओसला बसने किंवा रेल्वेने जाणार असशील तर आधी इमिग्रेशन ऑफिसात जाऊन पासपोर्टवर शिक्का घेऊन ठेव, सीमेवर पोचून बघू म्हणू नकोस. माझ्याबरोबरची एक शिक्षिका तीन दिवसांसाठी पेनांगला गेली, परमिटचं कुणी सांगितलंच नाही. परत आली तेव्हा कामाचा व्हिसा गेलेला, सगळे कागद पहिल्यापासून, आणि तेवढे दिवस पगार नाही.

ऑक्टोबरच्या सुट्टीत तू कांचनाबुरीला दुसऱ्यांदा जा. पहिल्या वेळी तिथे उतरली असशील, या वेळी उतरू नकोस, तीच गाडी पुढे नाम तोकपर्यंत जाते. कांचनाबुरी सोडल्यावर सव्वा-दीड तासाने थाम क्रासे येतं. तिथे गाडी कड्याला चिकटलेल्या लाकडी पुलावरून माणूस चालेल एवढ्या वेगाने जाते, एका बाजूला हात लावता येईल असा खडक आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी. पावसाळा संपत आलेला असतो, पाणी भरपूर असेल. जाताना डाव्या हाताची खिडकी धर. नदी त्या बाजूला आहे.